समुद्र नसतानाही एसीच्या आउटडोअर युनिटला गंज: नागपूरकरांचे अनुभव हवे आहेत

मागचे_अंगण | १९ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार. आमचे घर मानेवाडा भागात आहे. मार्च २०१९ मध्ये आम्ही दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवला. त्याचे आउटडोअर युनिट मागच्या अंगणात, जमिनीपासून दीड फूट उंचीच्या लोखंडी स्टँडवर आहे. यंदा एप्रिल लागताच गारवा कमी झाला म्हणून मेकॅनिकला बोलावले, तेव्हा गॅस जवळजवळ संपलेला निघाला. त्याने वरचे झाकण उघडून दाखवले. तळाच्या पत्र्याला एका कोपऱ्यात बोट जाईल एवढे भोक पडले आहे, कॉइलच्या खालच्या वीतभर भागातील ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बोट लावताच पांढऱ्या भुकटीसारख्या गळतात आणि झाकणाचे दोन स्क्रू तर डोके तुटूनच हातात आले.

पहिल्या मेकॅनिकच्या मते कॉइल बदलावीच लागेल आणि त्याचे गॅससह साडेअकरा हजार रुपये होतील. दुसरा म्हणतो की तीन हजारांत गॅस भरून घ्यावा, सगळ्या युनिटला ऑइल पेंट मारावा आणि निश्चिंत व्हावे. माझे साडू रत्नागिरीला राहतात. त्यांचा एसी पाच वर्षांत सडला, तेव्हा खाऱ्या हवेला दोष देऊन आम्ही मोकळे झालो होतो. नागपुरात मात्र समुद्र शेकडो कोस दूर आहे आणि उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते. मग हा गंज आला कुठून, आणि या दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

जुना_कॉम्प्रेसर | १९ एप्रिल, रात्री १०.२५

वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीत माझी बत्तीस वर्षे गेली, आता निवृत्त आहे. आपले वर्णन वाचून सर्वांत आधी एक सांगतो: गळती कुठे आहे हे शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळीतून फिरत राहतो. तो संपला याचा अर्थ नळीला कुठेतरी भोक आहे, आणि ते तसेच ठेवून भरलेले तीन हजार रुपये नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) येईपर्यंत हवेत गेलेले असतील.

आपण ज्याला सरसकट गंज म्हणत आहात, ते एकाच युनिटमधील तीन वेगळे आजार आहेत. बाहेरचे कवच आणि तळाचा पत्रा पोलादाचा असतो. त्यावर जस्ताचा मुलामा आणि त्यावर पावडर कोटिंग असते. मुलामा संपला की लाल गंज चढतो. कॉइलच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांचा गंज पांढरा आणि भुकटीसारखा असतो. पट्ट्यांतून जाणाऱ्या नळ्या बहुधा तांब्याच्या असतात आणि त्या हिरव्या किंवा काळ्या पडतात. आता यात खरी मेख अशी आहे की तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असताना त्यांच्यावर क्षारयुक्त पाणी आले, तर तिथे छोटासा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते, तांबे वाचते. म्हणून पट्ट्या नेमक्या नळीभोवतीच आधी भुगा होतात. नळीचा पट्टीशी असलेला स्पर्श सुटला की उष्णता बाहेर टाकण्याचे काम मंदावते, मग गळती असो वा नसो.

एक प्रश्न विचारतो. झीज कॉइलच्या पूर्ण उंचीवर सारखी आहे, की फक्त खाली आणि एकाच बाजूला आहे?

उत्तर_नागपूर | १९ एप्रिल, रात्री ११.०५

यात एवढा शोध घेण्यासारखे काही नाही. आपल्याकडच्या हवेत कोळशाचा धूर आणि राख आहे, त्यातला गंधकाचा अंश पावसात मिसळतो आणि पत्रे खातो. आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड दर दोन वर्षांनी रंगवावा लागतो. एसी काय त्याहून वेगळा?

जुना_कॉम्प्रेसर | २० एप्रिल, सकाळी ७.१०

भाऊ, आपला मुद्दा मी उडवून लावत नाही. हवेची गंजकता ठरवणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकात तीन गोष्टी मुख्यतः पाहतात: धातू वर्षातून किती तास ओला राहतो, हवेत सल्फर डायऑक्साइड किती आहे आणि क्लोराइड किती आहे. पण धूर सगळ्या युनिटला सारखाच लागतो. तो खालचा वीतभर भाग निवडून खात नाही. शिवाय नुसता धूर पुरत नाही, ओलही लागते. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उघडा पत्रा जवळपास गंजत नाही, खरा गंज जुलै ते सप्टेंबरमध्ये चढतो. एखादे युनिट भर उन्हाळ्यात गंजत असेल, तर त्याला पाणी कोणीतरी आणून देत आहे असे समजावे.

मागचे_अंगण | २० एप्रिल, सकाळी ९.३०

आत्ता जाऊन नीट पाहिले. झीज खाली आणि उजव्या हाताच्या बाजूलाच आहे, वरचा अर्धा भाग जवळजवळ नवा दिसतो. आणि लिहायला थोडा संकोच वाटतो, पण त्या बाजूला तीन फुटांवर आमचा मोठा लोखंडी कूलर आहे. तो दिवसा चालतो आणि एसी रात्री. कूलरमध्ये बोअरचे पाणी भरतो. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणीही टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून बादलीत साठवून त्याच टाकीत ओततो. याशिवाय मे महिन्यात दुपारी एसी लावलाच तर आमचे वडील आउटडोअर युनिटवर पाइपने पाणी मारतात. यंत्राला बिचाऱ्याला किती उकडत असेल, असे ते म्हणतात, आणि पाणी मारल्यावर खोली लवकर थंड होते हेही खरे आहे.

प्रयोगवही | २० एप्रिल, दुपारी १२.१५

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि हा धागा वाचून राहवले नाही. आपल्या वडिलांचे निरीक्षण बरोबर आहे. बाष्पीभवनाने कॉइल थंड होते, त्यामुळे कॉम्प्रेसरवरचा भार तेवढ्यापुरता हलका होतो. अडचण पाण्यात आहे.

कूलरच्या ताट्यांवरून उडून जाते ते शुद्ध पाणी. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्लोराइड मागे टाकीतच राहतात. दिवसभरात टाकी तीनदा भरली आणि कधीच रिकामी करून धुतली नाही, तर आठवड्याभरात त्या पाण्यातले क्षार मूळ बोअरच्या पाण्याच्या कितीतरी पट होतात. टाकीच्या काठावर साचणारा पांढरा थर तोच असतो. आरओचे वाया जाणारे पाणी तर मुळातच क्षार एकवटलेले पाणी असते, म्हणजे आपण खारटात खारट ओतत आहात. कूलरमधून उडणारे बारीक तुषार हे एकवटलेले पाणी घेऊन शेजारच्या कॉइलवर बसतात, उन्हाने वाळतात, पुन्हा बसतात. समुद्रकिनाऱ्यावरचे वारे जे करतात तेच आपल्या अंगणात कूलर करतो आहे. साडूंना हे जरूर कळवा.

ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो त्याचे रक्षण करतो. क्लोराइड या थराला ठिकठिकाणी छेद देते आणि तिथे खोल खड्डे पडतात. म्हणून पट्टी वरून बरी दिसते आणि बोट लावले की चुरते.

याच ओघात आणखी एक सांगते. ॲल्युमिनियम आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही विरघळते. त्यामुळे कॉइल स्वच्छ करण्यासाठी संडास साफ करण्याचे आम्ल, कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडा यांपैकी काहीही वापरू नये. व्हिनेगरही नको, कारण ॲसेटिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले तांब्याच्या नळीत मुंगीच्या वारुळासारखी सूक्ष्म बिळे पाडू शकतात आणि ती डोळ्यांना दिसतही नाहीत. चिंच-मिठाने तांब्याची घागर लखलखते म्हणून आमच्या शेजारच्या काकूंनी कॉइलच्या नळ्यांना चिंचेचा कोळ लावला होता. घागर एक-दीड मिलिमीटर जाडीची असते, कॉइलची नळी त्याच्या निम्म्याहून कमी, आणि मीठ तर पट्ट्यांचा काळच. दिवाळीच्या रंगकामात भिंतीला चुना देतानाही युनिट झाकावे. चुन्याचे शिंतोडे तीव्र अल्कलीचे असतात.

उत्तर_नागपूर | २० एप्रिल, दुपारी १.००

कूलरचा मुद्दा पटला. धुराबद्दलचे माझे मत मी निम्मे मागे घेतो, निम्मे राखून ठेवतो.

सदनिका_३०२ | २० एप्रिल, सायंकाळी ६.४५

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे आमच्या युनिटला कूलरचा त्रास नाही. पण कबुतरांचा आहे. विष्ठा पत्र्यावर आठवडाभर साचली की रंगाखाली फोड येतात आणि पंख्याच्या जाळीची तार गंजून तुटते. आम्ही युनिटच्या वर उताराचा पत्रा लावला आणि बाजूने जाळी बसवली, पण हवा जाण्यासाठी मागे आणि पुढे मोकळी जागा ठेवली. त्याआधी मी पावसाळ्यात प्लास्टिकचे कव्हर पूर्ण चढवून दोरीने बांधत असे. दोन पावसाळ्यांनंतर कव्हर काढले तेव्हा आत उंदराने घर केलेले होते आणि कोंडलेल्या दमटपणामुळे उघड्या युनिटपेक्षा जास्त गंज चढला होता. झाकायचेच असेल तर फक्त वरचा भाग झाकावा.

पण माझे मुख्य सांगणे वेगळे आहे. सगळे कॉइलकडे पाहतात आणि ब्रॅकेटकडे कोणी पाहत नाही. आमच्या इमारतीत गेल्या वर्षी एक युनिट एका बाजूने लोंबकळले, कारण भिंतीतले अँकर बोल्ट आणि ब्रॅकेटचा कोन जिथे जोडलेले होते तिथे पाणी साचून लोखंड कागदासारखे पातळ झाले होते. बाहेरून रंग शाबूत होता. खाली मुले खेळत असतात. साध्या लोखंडी कोनाऐवजी वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले ब्रॅकेट आणि स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट यांसाठी जे काही शे रुपये जास्त लागतात, त्यांत घासाघीस करू नये असे माझे ठाम मत आहे.

नवतपा | २१ एप्रिल, सकाळी ८.२०

माझ्या युनिटची कॉइल चांगली आहे, फक्त कवचावर आणि तळाच्या पत्र्यावर लाल गंज आहे. हे घरी रंगवता येईल का, आणि कॉइललाही एक हात मारला तर चालेल का?

जुना_कॉम्प्रेसर | २१ एप्रिल, सकाळी १०.५०

कवच आणि तळ घरी रंगवता येईल. कॉइलला साधा रंग कदापि लावू नये. पट्ट्यांमधली फट मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असते, ती रंगाने बुजली की हवा अडते, आणि रंगाचा जाड थर उष्णतेलाही अडवतो. एसीचे वीजबचतीचे स्टार ठरवताना बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान धरतात. आपल्या मे महिन्यात ते त्यापुढे जाते, आणि तेव्हा आर-३२ किंवा आर-४१०ए या गॅसचा कॉइलमधला दाब ३० बारच्या वर असतो. अशा वेळी हवा अडवणे म्हणजे कॉम्प्रेसरशी वैर धरणे होय. कॉइलसाठी वेगळे पातळ संरक्षक लेप मिळतात, पण ते नव्या किंवा पूर्ण स्वच्छ केलेल्या कॉइलवरच टिकतात. गंजावर फवारलेला लेप गंज आत कोंडून ठेवतो. डिझेल किंवा वंगणाचा फवारा मारण्याची पद्धतही काही जण सांगतात. त्याने दोन दिवस चमक येते आणि नंतर आपल्याकडची सगळी धूळ त्या तेलावर चिकटते.

आता कवचाबद्दल. आधी एमसीबी बंद करा आणि इन्व्हर्टर युनिट असेल तर किमान दहा-पंधरा मिनिटे झाकणाला हात लावू नका, कारण आतल्या सर्किटमधील कपॅसिटर वीज धरून ठेवतात. तळाची पाणी जाण्याची छिद्रे तपासा. माझ्या अनुभवात तळ सडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे की कडुनिंबाची पाने आणि धूळ यांचा चिखल छिद्रांत बसतो आणि तळ पावसाळाभर तळ्यासारखा भरलेला राहतो. जाड नळीवरचे काळे इन्सुलेशन फाटले असेल तर तेही बदला. त्या थंड नळीवर घाम धरतो आणि थेंब त्याच तळात पडत राहतो.

मग सुटलेला गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढा. घट्ट चिकटून राहिलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचा गंजरोधक द्रव लावला की तो काळा पडतो आणि स्थिर होतो, पण हा द्रव कॉइलवर सांडू देऊ नका, मध्ये पुठ्ठा धरा. यानंतर लोकांची नेहमीची चूक होते. जिथे जस्ताचा मुलामा अजून शाबूत आहे तिथे ऑइल पेंट थेट लावतात. त्या रंगातील तेल आणि जस्त यांची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर बनतो, आणि वर्षभरात रंग पापडासारखा सुटतो. म्हणून आधी जस्तावर चालणारा एच (इंग्रजीत etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर, तो पूर्ण वाळल्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. ड्रिल किंवा ग्राइंडर मात्र गॅस भरलेल्या युनिटजवळ नको. नळीला धक्का लागला तर दाबाखालचा गॅस अंगावर येतो, आणि आर-३२ हा थोडाफार ज्वलनशीलही आहे.

हिशेबी | २१ एप्रिल, रात्री ९.१५

सहा वर्षांच्या एसीवर साडेअकरा हजार घालण्यापेक्षा नवा घ्यावा, असे कोणी म्हणत कसे नाही? माझ्या जुन्या एसीला एका सेवाकेंद्राने कॉइल बदलून दिली आणि पुढच्याच वर्षी सर्किट गेले. माझी दोन्ही खर्चांची बेरीज नव्या यंत्राच्या अर्ध्या किमतीपर्यंत गेली.

जुना_कॉम्प्रेसर | २१ एप्रिल, रात्री १०.००

आपला हिशेब चुकीचा नाही, पण तो यंत्र उघडून पाहिल्यावर करावा. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधावी. ती कॉइलच्या टोकाच्या वळणावर असेल तर गॅस पूर्ण काढून घेऊन तेवढा जोड ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूचा डाग देऊन, बंद करता येतो. पट्ट्यांच्या आत असेल तर कॉइल बदलण्याशिवाय इलाज नाही. कॉम्प्रेसरच्या कवचाचा गंज वरवरचा आहे की पापुद्रे निघत आहेत हेही पाहावे. सर्किटच्या पेटीत ओल किंवा हिरवट डाग असतील, तर मी स्वतः पुढे खर्च करणार नाही. आणि वॉरंटीचे कागद काढून वाचावेत. कॉम्प्रेसरची वॉरंटी दहा वर्षांची आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण कंडेन्सर कॉइल, म्हणजे आउटडोअर युनिटमधली हीच कॉइल, त्यात येतेच असे नाही. गंजासंबंधीची अट बहुधा बारीक अक्षरांत असते.

मागचे_अंगण | ४ मे, रात्री ८.५०

सर्वांचे आभार. नायट्रोजनची चाचणी करून घेतली. गळती दोन ठिकाणी निघाली, त्यांतली एक पट्ट्यांच्या आत, म्हणजे प्रश्नच मिटला. सर्किटची पेटी कोरडी होती आणि कॉम्प्रेसरवर फक्त वरवरचा गंज होता, म्हणून कॉइल बदलण्याचे ठरवले. नवी कॉइल निळ्या लेपाची आहे. दुकानदार म्हणाला की हा निळा रंग असला की आयुष्यभर चिंता नाही. मी त्याला लेपाबद्दल लेखी काही मिळेल का असे विचारले, तेव्हा त्याने विषय बदलला. व्हॅक्यूम पंप लावून नळ्या कोरड्या केल्या आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरला, हे मी समोर उभे राहून पाहिले. तळाच्या भोकावर जाड पत्र्याचा तुकडा बसवून घेतला, पण तो युनिट रिकामे असताना, कॉइल बाहेर काढलेली असतानाच. एकूण खर्च बारा हजार दोनशे झाला.

कूलर आता पूर्वेच्या खिडकीत गेला आहे. आरओचे वाया जाणारे पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. वडिलांची समजूत घालणे सर्वांत कठीण गेले. शेवटी युनिटच्या चार फूट वर हिरवी शेडनेट बांधून दिली, त्यावर ते राजी झाले. नळाचे पाणी पेंच आणि कन्हान नद्यांचे असल्याने बोअरइतके जड नाही, मग ते मारू का, असे त्यांनी विचारले होते. पण मे महिन्यात पिण्याचे पाणी यंत्रावर ओतणे त्यांनाच मनापासून पटेना.

प्रयोगवही | ४ मे, रात्री ९.२०

युनिट महिन्यातून एकदा साध्या पाण्याने, वीज बंद करून, हलक्या धारेने धुणे मात्र थांबवू नका. रोज शिंपडून वाळू देणे आणि भरपूर पाण्याने क्षार वाहून जातील असे धुणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धार आतून बाहेरच्या दिशेने असावी, आणि गाडी धुण्याचा जोरदार पंप नको, त्याने पट्ट्या आडव्या होतात.

मागचे_अंगण | ५ ऑक्टोबर, सकाळी १०.०५

पावसाळा संपल्यावर काल झाकण उघडून पाहिले. कॉइल स्वच्छ आहे, पट्ट्यांवर कुठेही भुकटी नाही आणि तळाची छिद्रे मोकळी आहेत. फक्त उजव्या कोपऱ्यातल्या एका स्क्रूभोवती लाल वर्तुळ दिसले. तिथे रंग लावायचा राहिला असावा असे आधी वाटले, पण नीट पाहिल्यावर नेमक्या त्याच जागी वरून थेंब पडत असल्याचे लक्षात आले. वरच्या मजल्यावरील भाडेकरूंनी जूनमध्ये एसी बसवला, त्याच्या पाण्याची नळी छज्ज्यावरून मोकळीच सोडलेली आहे. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बोललो. पाच फूट पीव्हीसी पाइप मी आणला, त्यांनी शिडी धरली, आणि ते पाणी आता कढीपत्त्याच्या आळ्यात जाते.